रस्त्याचे खुंट

बाबांचं गलबत खाडीच्या चिखलात उभं राहिलं ते राहिलंच. मालकाने ते विकलं नाही, मोडलंही नाही. पुढच्या वर्षी पाहू म्हणाला. पुढच्या वर्षी त्याच्या फळ्यांना खेकड्यांनी घर केलं. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला खाडीवरच्या मुसलमान मोहल्ल्यात निम्मे पुरुष दर्यावर्दी होते. कौलं आणि लाकूड घेऊन जायचं, खजूर घेऊन यायचं, हा धंदा. पुढे माल लॉऱ्यांनी जाऊ लागला, इंजिनाच्या लाँचा आल्या, आणि शिडाचं गलबत चालवणारा तांडेल म्हणजे धक्क्यावर बसून विडी ओढणारा माणूस झाला. बाबा तांडेल होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. सहीसुद्धा येत नव्हती.

घर आईने चालवलं. ती पहाटे डोंगरावर जायची, जळणाची मोळी बांधायची आणि दोन कोस चालून बाजारात विकायची. जळणाबाबत तिचा एक कायदा होता. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, त्याला मालक असतो. पण ज्याला मूळ नाही त्याला मालक नाही. पडलेली फांदी, वाहून आलेला ओंडका, फुटक्या होडीची रंगवलेली फळी, सगळं जो उचलेल त्याचं. आमच्या गावात सगळ्यांचाच हा कायदा होता, आईने तो फक्त कधी मोडला नाही.

धाकटा भाऊ पावसाळ्यात तापाने गेला तेव्हा मी तिसरीत होते. सकाळी दफन झालं. दुपारी आई मोळी घेऊन बाजारात गेली. मोहल्ल्यात लोक बोलले. मोळी गेली नसती तर संध्याकाळी भात नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी बोलले. आई रडल्याचं मला आठवत नाही. मी रडले असेन, तेही आठवत नाही.

त्या पावसाळ्यानंतर बाबा कुणाच्या तरी लाँचवर बसून आखातात गेले.

मी चौथीत शाळेत पहिली आले. मास्तर घरी येऊन ओटीवर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "हिला शिकवा. पोरीचं डोकं चांगलं आहे." आई म्हणाली, "बापूस आला की सांगेन." मास्तर गेल्यावर मला म्हणाली, "डोका चांगला हाय तर त्या डोक्यावर ही कळशी घे नि पानी आण." मी पाणी आणलं. पण ते वाक्य तिने लक्षात ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं.

दोन वर्षांनी बाबांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. त्यांच्या निरोपात एवढंच होतं की स्वतःची जागा झाली आहे, रस्त्यावर आहे. मला वाटलं, रस्त्यावर आहे म्हणजे शाळाही असेल. मुंबईहून आगबोटीने आम्ही दुबईला उतरलो आणि तिथून बेडफर्ड लॉरीत, तांदळाच्या पोत्यांवर बसून निघालो. शारजा मागे पडलं, पुढे अजमान मागे पडलं. त्यानंतर मला रस्ता दिसेना. मी बाबांना विचारलं, "रस्ता कुठे आहे?"

बाबांनी समुद्राकडे बोट दाखवलं. "हाच."

खरंच तोच होता. त्या काळात उत्तरेला रास अल खैमाकडे जाणाऱ्या गाड्या सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या ओल्या, घट्ट वाळूवरून जात. आत वाळूच्या टेकड्या, मधे मिठाची दलदल. तिला सबखा म्हणतात. वरून कोरडी दिसते, चाक घातलं की गिळते. म्हणून समुद्राची कड हाच रस्ता. एका ठिकाणी मात्र खाडीचं तोंड आडवं येई. भरती असली की गाड्या तिथे अडत आणि पाणी उतरेपर्यंत थांबत. दर्यावर्दी माणसाला आणखी काय पाहिजे? बाबांनी नेमक्या त्या जागी किटली ठेवली. ड्रायव्हर विचारत, "चाचा, पानी कब उतरेगा?" बाबा चांदाची तारीख मनात धरून सांगत, "दो चाय पीओ, उतर जाएगा." उधाणाच्या दिवशी म्हणत, "आज खाना भी खाओ." त्यांच्या हॉटेलाची सगळी अक्कल एवढीच.

त्या गावाचा इतिहास मला कुणी विचारला तर तो इथून सुरू होतो. भरतीला थांबलेल्या गाड्यांपासून. पुस्तकात तो नाही. मी शिकलेली आहे, पुस्तकं पाहिली आहेत, म्हणून सांगते.

आम्ही पोचलो तेव्हा वस्ती म्हणजे पाच झोपड्या. आमचं हॉटेल, शेजारी एका मलबारी माणसाचं पंक्चरचं दुकान, एका इराणी म्हाताऱ्याचं किराणा दुकान, आणि दोन कोळ्यांची घरं. सगळी खजुराच्या झावळ्यांची. आई माडाच्या झावळीचे झाप विणण्यात तरबेज होती. तिने खजुराची झावळी हातात घेतली, दोन वेळा दुमडून पाहिली, बोटाला काटा लागला, आणि खाली ठेवली. "ही कसली झाडां," म्हणाली. बस्स. त्यानंतर त्या मुलखाबद्दल तिने बराच काळ काही म्हटलं नाही.

शाळा नव्हती. शाळा दुबईत होती, हिंदुस्तानी लोकांची. आम्ही आणि शाळा यांच्यामध्ये समुद्र दिवसातून दोनदा यायचा.

बाबा म्हणाले, "रस्ता होणार आहे. डांबरी. मोठे लोक बोलतात. रस्ता झाला की गाड्या रोज जातील-येतील, तुला दुबईच्या शाळेत घालीन."

"आणि नाही झाला तर?" मी विचारलं.

आई म्हणाली, "नाय झाला तर मामूकडे." मामूने गावात माझ्यासाठी एक मुलगा पाहून ठेवला होता. खाडीपलीकडचा, आंब्याची कलमं असलेला. मामूचा निरोप आला होता की पोरगी वाळवंटात काळी पडायच्या आत पाठवा. तर मामला असा सरळ होता. रस्ता आला तर शाळा, नाही तर आंब्याची कलमं. मला यात कुणी विचारलं नाही. मला तसं काही वाटलंही नाही. गरम हवेत बसलं की माणसाला फारसं वाटत नाही. मी दुपारभर हॉटेलच्या मागे बसून चौथीचं पुस्तक वाचायची. ते पाठ झालं होतं. तरी वाचायची.

हिवाळा लागला तेव्हा सर्व्हेवाले आले. दोन लँडरोव्हर, एक गोरा साहेब आणि हैदराबादकडचा एक ओव्हरसिअर. तिपाईवर दुर्बीण ठेवून ते दिवसभर कुणाकडे तरी हात हलवत उभे राहायचे. त्यांनी सबखाच्या कडेने, आमच्या झोपड्यांच्या मागून, लाकडाचे खुंट ठोकत नेले. हातभर लांब, तासलेले, डोक्याला लाल-पांढरा रंग. बाबांनी त्यांना सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, पाजली. ओव्हरसिअर बाबांना म्हणाला, "चाचा, मुबारक हो. आपके पिछवाड़े से जा रहा है. दरवाज़ा उधर निकाल लेना."

बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा फार वेळा पाहिलं नाही. पंक्चरवाला तर नाचायचाच बाकी होता. "यल्ला! अब टायर फटेगा, रोज़ फटेगा!" त्याने आपल्या दुकानाचं तोंड फिरवायलाही घेतलं. खुंट ठोकून सर्व्हेवाले उत्तरेला गेले. दीड-दोन महिन्यांत दगड, खडी, माणसं घेऊन येतो म्हणाले.

हे सगळं बोलणं पुढच्या बाजूला झालं. पुरुष बसलेले असले की आई मागे, पडद्याआड. रस्ता येणार हे तिला माहीत होतं. पण रस्ता कसा येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात रस्ता म्हणजे माणसांच्या पायांनी पडलेली वाट. माणसं चालली की वाट पडते, चालायची थांबली की बुजते. रस्त्याची सुरुवात लाकडाच्या तुकड्यांपासून होते, ही गोष्ट तिच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं.

आणि जळणाचे तिथे हाल होते. बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांच्या बायका उंटावरून फांद्या आणत, त्या महाग. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड खारट, नुसता धूर. त्या भागातली गाफची झाडं तोडायची नाहीत हे तिला आल्याआल्याच सांगितलं होतं, आणि उभ्या झाडाला ती हात लावणारी नव्हतीच. थंडीत शमाल सुटला, उत्तरेचा तो वारा, की चूल दुप्पट खायची. आई पहाटेच्या नमाजनंतर एकटीच जळण शोधायला बाहेर पडायची. जुनी सवय.

एके दिवशी ती सुकी, तासलेली, रंगवलेली लाकडं घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आणखी. छान जळत होती. चूल मागे, बाबा पुढे, आणि माझं डोकं पुस्तकात, त्यामुळे ती कुठली हे कुणी पाहिलं नाही. तांदळाची भाकरी त्या आठवड्यात जशी फुगली तशी तिथे कधी फुगली नव्हती. बाबा म्हणाले, "आज भाकरी गावासारखी झाली." ड्रायव्हर लोकांनीही मागून मागून खाल्ली.

ओव्हरसिअर परत आला तो दगडांच्या लॉऱ्या घेऊनच. हॉटेलच्या मागे गेला, थोडा वेळ फिरला, परत आला.

"चाचा, खूँटे कहाँ गए?"

"कौनसे खूँटे?"

"लाइन के. इधर से उधर तक एक भी नहीं है."

बाबांनी मागे जाऊन पाहिलं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "बदू लोग ले गए होंगे," म्हणाले. पंक्चरवाला म्हणाला बकऱ्यांनी उपटले असतील. इराणी म्हातारा म्हणाला वाऱ्याने. सगळे जमले, सगळे बोलायला लागले. गोरा साहेब गाडीतून उतरलाच नाही, नुसता बघत होता.

तेवढ्यात पडदा सरकला आणि आई पुढे आली. डोक्यावरचा पदर ओढून घेतलेला. हातात एक खुंट होता, एका टोकाने जळलेला, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरा रंग. तिने तो बाकड्यावर ठेवला.

"ही काय?" तिने बाबांना विचारलं. "ही मी आणली. जळणाला."

बाबांनी विचारलं, "सगळी?"

"दिसली तेवडी."

"अगो, जमिनीत ठोकलेली होती ना ती?"

"होती. मना वाटला बकऱ्यांचे खुंट. दोन दिवस बगितला, बकऱ्याच नायत. बकऱ्याच नायत तर खुंट कशाला?"

ओव्हरसिअरला ते समजावून सांगितलं तेव्हा तो आधी मोठ्याने हसला. गोऱ्या साहेबाला इंग्रजीत सांगायला गाडीकडे गेला आणि परत आला तेव्हा हसत नव्हता. म्हणाला, इथलं मोजमाप पुन्हा करावं लागेल, मोजणारी माणसं आता पुढे गेली, दगड इथे उतरवून उपयोग नाही. लॉऱ्या तशाच भरलेल्या उत्तरेला निघाल्या. बाबा त्यांच्या मागे थोडे चालत गेले. कशाला गेले, त्यांनाच ठाऊक.

पंक्चरवाला जळका खुंट हातात घेऊन उलटसुलट बघत होता. म्हणाला, "भाबी, आपने तो हमारा रोड पका के खिला दिया." लोक हसले. मग म्हणाला, "मैंने भी खाया. चार रोटी." आणखी हसले. आई पडद्यामागे गेली.

मोजणारे पुन्हा आले, पण मधे पाऊस झाला होता. तिकडे पाऊस क्वचित, पण झाला की सबखाचं तळं होतं. ही माणसं वेगळी होती. त्यांनी ते पाणी पाहिलं आणि आमच्या बाजूला गाडीसुद्धा घातली नाही. आत, टेकड्यांच्या पायथ्याशी कडक जमीन होती. खुंट तिकडून ठोकत नेले, लोखंडाचे. आमच्या झोपड्यांपासून पायी तासाभराची वाट. बाबांनी जाऊन ओव्हरसिअरला गाठलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "चाचा, पहली लाइन पे पत्थर पड़ गया होता तो कोई नहीं बदलता. अब खलास."

खलास हा शब्द त्या मुलखात दिवसाला शंभरदा ऐकू येतो. चहा संपला खलास, काम झालं खलास. त्या दिवशी बाबांनी तो शब्द घरी आणला, तसाच, आणि जेवायला बसले.

आईला कुणी तोंडावर काही बोललं नाही. पंक्चरवाल्याने फिरवलेलं दुकानाचं तोंड परत समुद्राकडे केलं, तेव्हा ठोकाठोकी जरा जास्त जोरात केली. कोळ्यांच्या बायका आईकडे यायच्या त्या यायच्या थांबल्या. बाबा तिच्याशी बोलत, पण मीठ दे, पाणी दे, एवढंच. आणि आई बोलायचीच थांबली. रागाने नाही. घरात एखादा दिवा तेल संपून विझतो, तशी. मी मागे बसून चौथीचं पुस्तक वाचायची. ती माझ्याकडे बघायची.

मला परत पाठवायचं ठरलं. खजूर घेऊन जाणारी ओळखीची लाँच दोन महिन्यांनी निघणार होती, त्यावर गावचं एक कुटुंब होतं, त्यांच्याबरोबर. आईने माझे कपडे धुऊन, घडी घालून एका ट्रंकेत भरले. मी विचारलं, "मामूकडे शाळा आहे ना, पाचवीची?" ती म्हणाली, "मामूकडे लग्न हाय." ट्रंक बंद केली. मला तेव्हा नक्की काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काही सापडत नाही. ट्रंकेचा हिरवा रंग आठवतो.

मग एका सकाळी आई उठली, हॉटेलची मोठी किटली घेतली, चहाचा स्टोव्ह घेतला, तांदळाच्या पिठाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "चल." मी पाण्याचा डबा घेतला. बाबा दारात उभे होते.

"कुठे?"

"रस्त्यावर."

"वेड लागलं काय? बाईमाणूस रस्त्यावर चहा विकणार? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हनायचे ता म्हनून झाला." तिने गाठोडं डोक्यावर नीट केलं. "रस्ता मी घालवला. आता मी जाते तिकडे. पोरीची लाँच दोन महिन्यांनी हाय. तोवर बगते."

"काय बघतेस?"

ती चालायला लागली. एवढे शब्द ती कित्येक आठवड्यांत बोलली नव्हती. बाबांनी किटली ओढून घेतली असती तर ती तशीच बिनकिटलीची गेली असती, असं मला वाटतं. त्यांनी ओढली नाही.

नव्या लाइनवर तेव्हा काही नव्हतं. नुसती सरळ उकरलेली पट्टी, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, आणि लांबवर रस्त्याचे मजूर. आईने एका ढिगाच्या आडोशाला चादर ताणली, दगड मांडले, स्टोव्ह पेटवला. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुपारी एक बदू म्हातारी बकऱ्या घेऊन आली, आमच्यापासून जरा लांब बसली आणि बघत राहिली. आईने तिला चहा दिला. तिने प्यायला, दुसऱ्या दिवशी बकरीचं दूध आणलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आखातात आल्यापासून आईला मिळालेली ती पहिली मैत्रीण.

मजूर बहुतेक पठाण आणि बलुची. चहा प्यायला आले, भाकरी बघून बसले. बाई विकते आहे म्हणून पहिल्यांदा जरा बावरले, आपसात काही बोलले. मग त्यांच्यातला एक म्हातारा मुकादम म्हणाला, "बहन है. बैठो." त्यानंतर तो प्रश्न निघाला नाही. रोज आम्ही पहाटे निघायचो, रोज संध्याकाळी परत. आई भाकऱ्या थापायची, मी चहा गाळायची. पायांना फोड आले, मग ते गेले आणि कातडी जाड झाली. आई जेवढ्यास तेवढं बोलायची. दिवस सगळे सारखे. तिला काय साधायचं आहे हे मला कळत नव्हतं. गाड्या तर अजून किनाऱ्यानेच जात होत्या.

मग पट्टीवर खडी पडली, आणि डांबराच्या आधीच काही गाड्या वरून जाऊ लागल्या. आई प्रत्येक गाडीकडे बघायची. गाडी थांबली की ड्रायव्हरला नव्हे, गाडीच्या आत बघायची. मी म्हटलं, "आई, काय शोधतेस?"

"बाई," ती म्हणाली.

मला कळलं नाही. महिनाभराने कळलं. एक म्हातारा बलुची रास अल खैमाहून मासे आणि भाजी घेऊन दुबईला जायचा, पिकअपमध्ये. त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर त्याची बायको बसलेली असायची. मूलबाळ नव्हतं, घरी एकटीला भीती वाटायची, म्हणून तो तिला सगळीकडे घेऊन हिंडायचा. इतर ड्रायव्हर त्याला चिडवत. "चाचा, गाड़ी में दो इंजन हैं!" तो म्हणायचा, "हाँ, और दूसरा वाला ज़्यादा आवाज़ करता है." बायको आतून त्याला फटका मारायची.

आई त्या गाडीकडे गेली. खिडकीशी उभी राहून त्या बाईशी बोलली. आईची हिंदी म्हणजे कोकणीला है लावलेलं. बलुचीणीची त्याहून वाईट. पण बोलणं झालं. आईने माझ्याकडे बोट दाखवलं, मग लांब दुबईच्या दिशेने दाखवलं, मग दोन तळहात पुस्तकासारखे उघडून धरले. बलुचीण हसली. तिने सीटवर आपल्या शेजारी हात आपटला.

त्या रात्री आईने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "परक्या माणसाच्या गाडीत पोरगी?"

"परका बाप्या नाय, परकी बाई. पोर तिच्या बाजूला बसंल."

"आणि रोज जाणार-येणार?"

"शनिवारी जायचा, गुरुवारी यायचा, शुक्रवारी तिकडे सुट्टी. दुबईत आपल्या मोहल्ल्यातली भाबी हाय, तिच्याकडे राहील. मी निरोप धाडलाय. ती हो म्हनाली."

"कधी धाडलास?"

"रोज एवड्या गाड्या जातात," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "लाँच परवा निघते."

"निघू दे."

ट्रंक तीच. त्यातलं काही काढावंही लागलं नाही. शनिवारी पहाटे मी बलुचीणीच्या शेजारी बसले. मागे मासे होते. दुबईच्या शाळेत मी बाकावर बसले तेव्हा माझ्या अंगाला सुरमईचा वास येत होता आणि शेजारची मुलगी जरा सरकून बसली. मला दोन इयत्ता खाली घातलं, कारण मला इंग्रजी येत नव्हतं. वर्गात सगळ्यात उंच मीच. मला काही वाटलं नाही. मी फळ्याकडे बघत होते. फळ्यावर जे होतं ते मला पाठ नव्हतं, आणि बऱ्याच दिवसांनी असं काहीतरी डोळ्यांसमोर आलं होतं.

गावाचं पुढे असं झालं. डांबर पडलं आणि किनाऱ्याचा रस्ता एका हंगामात मेला. भरतीला कुणी थांबेना. पंक्चरवाला आपले टायर गाढवावर लादून वर आला, आईच्या चादरीशेजारी दुकान लावलं. म्हणाला, "भाबी, इस बार खूँटे लोहे के हैं. मैंने चेक किया." आई हसली. इराणी म्हातारा आला. कोळी खाली राहिले, पण मासे विकायला वर यायचे. लाकडी फळ्यांची एक मशीद झाली, मग विटांची. पाण्याचा टँकर थांबायला लागला, पेट्रोलचे पिंप आले. बदू म्हातारीच्या नातवंडांनी घरं बांधली. शाळा झाली, अरबी. आज तिथे सिग्नल आहे, फार्मसी आहे, करक, म्हणजे दुधाचा कडक चहा, देणारी रांगेने दुकानं आहेत, आणि माझी नात तिथून जाताना गाडीच्या काचेतून बघत इंग्रजीत विचारते की तुम्ही लोक इथे राहायचात तरी का. मी तिला सांगते, भरती असायची म्हणून. ती फोनकडे बघते.

बाबा सगळ्यांत शेवटी वर आले. वर्षभर ते खाली एकटे हॉटेल उघडून बसायचे, समुद्राकडे तोंड करून. पाणी यायचं, उतरायचं, विचारायला कुणी नसायचं. मी गुरुवारी यायची ती वर आईकडे, मग दोघी चालत खाली, त्यांच्यासाठी जेवण घेऊन. एका गुरुवारी पिकअपमधून उतरले तर ते आईच्या चादरीखाली बसले होते. हॉटेलचं लाकडी बाकडं डोक्यावरून घेऊन आले होते. आई भाकरी थापत होती. त्यांनी मला शेजारी बसायला जागा केली.

"काय शिकवलं?" त्यांनी विचारलं.

मी इंग्रजीतली एक कविता म्हणून दाखवली. त्यांना काही कळलं नाही. आईलाही नाही. पंक्चरवाला म्हणाला, "वाह, मेमसाब." आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "पुन्ना म्हन." मी पुन्हा म्हटली.

बलुची आणि त्याच्या बायकोने मला मॅट्रिकपर्यंत नेलं-आणलं, मधे गाडी दोनदा बदलली. मामूच्या आंब्याच्या कलमांना दुसरी मुलगी मिळाली. मॅट्रिकनंतर मी मुंबईला कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. गावात काही लोक म्हणाले, तांडेलाच्या पोरीला बॅरिस्टर करणार वाटतं. बाबांनी तोवर सही शिकून घेतली होती, माझ्या प्रवेशाच्या वेळी करायला. तीन अक्षरं, तिरकी, पण सही.

मी बी.ए. झाले. दुसऱ्या वर्गात पास झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, ना पुरुष ना बाई, आणि त्या रस्त्यावरच्या गावातूनही पहिली पदवीधर मीच.